परत चालवली की पास होते! : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी सॉफ्टवेअरवाल्यांचे प्रश्न बरेच आलेत आणि सगळ्यांचं दुखणं जवळपास एकच आहे. कोडमध्ये काहीही बदललेलं नसताना सीआयवर (कोड पाठवलं की ते आपोआप तपासणारी यंत्रणा) टेस्ट कधी पास होते, कधी फेल होते, आणि नेमकं शुक्रवारी संध्याकाळी घरी निघताना फेल होते. म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. शेअर बाजार आणि सोलरवाल्यांनी थोडं थांबा.

प्रश्न : आमची छोटी टीम आहे, द्राक्ष निर्यात करणाऱ्या पॅकहाऊससाठी वेब ॲप बनवतो. ब्राउझरच्या टेस्ट प्लेराइट या टूलमध्ये लिहिल्यात, गिटहब ॲक्शन्स या सीआयवर चालतात. रोज दोन-तीन बिल्ड (सीआयवरची एकेक तपासणी) लाल म्हणजे फेल होतात, कधी ही टेस्ट कधी ती, री-रन मारलं की हिरवं. माझ्या लॅपटॉपवर एकदाही फेल झालेली नाही. टेस्टमध्ये दोन सेकंद नुसतं थांबायचे स्लीप होते ते पाच केले, थोडे दिवस बरं वाटलं, परत तेच. सुरुवात कुठून करू? — एक वाचक, गंगापूर रोड

ताई, सुरुवात री-रनच्या बटणापासूनच करा, म्हणजे ते लगेच दाबू नका. फेल झालेला रन हा तुमच्याकडचा एकमेव पुरावा आहे. गिटहब जुन्या अटेम्प्टचा लॉग ठेवतं, पण बिल्ड हिरवं झालं की तो उघडून बघायला कोणाला वेळ असतो? आणि तुमच्या केसमध्ये अजून एक गोची असणार असं मला वाटतं. प्लेराइट टाकताना जी तयार कॉन्फिग फाइल मिळते तिच्यात सीआयसाठी दोन रिट्राय (पडलेली टेस्ट आपोआप परत चालवणं) आणि ट्रेस (टेस्ट चालतानाचं रेकॉर्डिंग) 'ऑन फर्स्ट रिट्राय' असं सेटिंग असतं. म्हणजे ट्रेस रेकॉर्ड होतो तो दुसऱ्या प्रयत्नाचा, जो बहुतेक वेळा पास होतो! चोर पळून गेल्यावर कॅमेरा चालू. तिथे 'रिटेन ऑन फेल्युअर' करा, म्हणजे जो प्रयत्न खरंच पडला त्याचाच ट्रेस हातात येईल, स्क्रीनशॉट, नेटवर्क कॉल, कन्सोल सगळ्यासकट. ते आर्टिफॅक्ट (रनसोबत जपून ठेवलेली फाइल) म्हणून अपलोड होतंय ना तेही बघा, आणि सर्व्हरचा लॉगही सोबत अपलोड करा, कारण नुसत्या ब्राउझरच्या बाजूने अर्धीच गोष्ट कळते.

मग एक साधी शीट करा. तारीख-वेळ, टेस्टचं नाव, एररची पहिली ओळ, कमिट (कोडमधला कुठला बदल), किती वर्कर (एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रोसेस) होते, बस्स. आठवडा-दोन आठवडे भरली की तिच्यातून दोन वेगळी चित्रं दिसायला लागतात. एकच टेस्ट पुन्हा पुन्हा पडत असेल तर लफडं त्या टेस्टमध्ये किंवा तिच्या मागच्या कोडमध्ये आहे. पण एकाच बिल्डमध्ये एकमेकींशी संबंध नसलेल्या दहा टेस्ट एकदम पडल्या असतील तर त्या दहा टेस्ट वाचत बसू नका, मशीनकडे बघा. प्रोसेस १३७ एक्झिट कोडने मेली असेल तर तिला बाहेरून किल केलंय, बहुतेक वेळा मेमरी संपल्यामुळे. आणि क्रोम डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं टूल) चालवत असाल तर शेअर्ड मेमरी डिफॉल्टने फक्त ६४ एमबी मिळते, जरा जड पेज आलं की टॅब क्रॅश होतो आणि आपण मात्र सिलेक्टर (पेजवरची गोष्ट शोधायचा पत्ता) चुकला का म्हणून शोधत बसतो. ती वाढवता येते, कंटेनर सुरू करताना एक ऑप्शन द्यायचा असतो.

आता स्लीप. इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या ५१ प्रोजेक्टमधले, अशा टेस्ट दुरुस्त करणारे २०१ कमिट तपासले होते. ज्यांचं कारण लावता आलं त्यातले सुमारे ४५ टक्के नुसते 'काम पूर्ण व्हायची नीट वाट न बघणं' या एका कारणाचे निघाले. तुमचं दुखणं त्याच जातीचं दिसतंय. पाच सेकंदांचा स्लीप म्हणजे रनर (टेस्ट चालवणारं मशीन) निवांत असेल तेव्हा चार सेकंद फुकट आणि रनरवर लोड असेल तेव्हा तरीही कमीच. वेळेची वाट बघायची नाही, गोष्ट घडायची वाट बघायची. प्लेराइटमध्ये यासाठी चांगली सोय आहे पण तिच्यात एक खड्डा आहे ज्यात बरेच जण पडतात. लोकेटरवर (पेजवरची एखादी गोष्ट दाखवणारा कोड) 'इज व्हिजिबल' बोलावलं तर ते त्या क्षणी जे दिसतंय ते सांगून मोकळं होतं, अजिबात थांबत नाही. 'एक्स्पेक्ट' ला लोकेटर देऊन 'टू बी व्हिजिबल' लिहिलं तर ते टाइमआउटपर्यंत पुन्हा पुन्हा बघत राहतं. वाचताना दोन्ही सारखंच वाटतं. तुमच्या कोडमध्ये आधी हे शोधा, मी पैज लावतो सापडेल.

लॅपटॉपवर पडत नाही याचं कारण लॅपटॉप दणकट आहे, एवढंच. तो बारीक करा. डॉकरमध्ये सीपीयू अर्धा देऊन चालवा, वर्कर वाढवा, आणि प्लेराइटच्या 'रिपीट-ईच' ने एकच टेस्ट शंभर वेळा फिरवा. समजा त्यात दिसलं की पॅकिंग लिस्ट सेव्ह करायचं बटण स्क्रीनवर आलंय पण त्याच्यामागची जावास्क्रिप्ट अजून जोडली गेलेली नाही आणि क्लिक हवेत गेला, तर थांबा. इथे टेस्टला मलमपट्टी करायची नाही. दिंडोरीच्या पॅकहाऊसमध्ये साध्या मोबाइलवर, अर्ध्या रेंजमध्ये तुमचं ॲप वापरणाऱ्या सुपरवायझरला हेच होत असणार, तो दाबतो, काहीच होत नाही आणि तुम्हाला फोन येतो की लिस्ट सेव्हच झाली नाही. बटण तयार होईपर्यंत डिसेबल ठेवा, टेस्ट आपोआप शहाणी होईल.

आणि दुरुस्त झालं हे कसं कळणार? तीन-चार वेळा हिरवं आलं म्हणजे झालं असं नसतं. शंभरात एकदा पडणारी टेस्ट असेल तर सलग ३०० वेळा पास झाल्यावर कुठे ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की फेल होण्याचं प्रमाण खरंच कमी झालंय. वीसात एकदा पडणारी असेल तर साधारण ६० वेळा पुरे. म्हणून आधी मोजा किती वेळा पडते, मग दुरुस्त करा, मग परत मोजा. रात्री घरी जाताना लावून द्या, सकाळी बघा.

प्रश्न : मी अमेरिकन क्लायंटसाठी नाईट शिफ्ट करतो. आमच्या इथल्याच दुसऱ्या एका प्रोजेक्टमध्ये (कांदा लिलावाच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) पण हात लावतो. त्यातल्या 'आजचे लिलाव' वाल्या चार टेस्ट मी पुश केलं (कोड गिटहबवर पाठवलं) की सीआयवर फेल होतात, तेच दिवसा दुसऱ्या कोणी पुश केलं की पास. लॅपटॉपवर माझ्याकडेही पास. टीममध्ये चेष्टा चालू आहे की माझा पायगुण वाईट आहे. — एक वाचक, पाथर्डी फाटा

पायगुण नाही हो, घड्याळ आहे. तुमचे पुश रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या मधले आहेत का ते बघा. गिटहबचे रनर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) चालतात आणि आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे १५ तारीख लागली तरी रनरवर अजून १४च चालू असते. तुमची टेस्ट 'आज' काढताना मुद्दाम भारतीय वेळ घेत असणार आणि कोडमध्ये कुठेतरी नुसतं मशीनची आजची तारीख घेतलेली असणार. लॅपटॉपवर दोन्ही एकच, कारण लॅपटॉप भारतीय वेळेवर आहे. सीआयवर दिवसा पण दोन्ही एकच. फक्त त्या साडेपाच तासांत फाटतं.

बरेच जण यावर सीआयचा टाइमझोन कोलकाता करून टाकतात आणि मोकळे होतात. टेस्ट हिरव्या होतात, पण प्रॉडक्शन सर्व्हर यूटीसीवर असेल तर लासलगावचा पहाटे एंट्री टाकलेला लॉट आदल्या दिवसात जाऊन बसतो आणि हिशोब जुळत नाही म्हणून व्यापारी ओरडतो. तुमच्या पायगुणाने खरं तर बग पकडून दिलाय, टीमला तसं सांगा. दुरुस्ती अशी की 'आत्ता किती वाजले' हे कोडने स्वतःहून मशीनला विचारायचं नाही, बाहेरून द्यायचं, आणि टेस्टमध्ये ते घड्याळ गोठवायचं. जेस्टमध्ये फेक टायमर आहेत, पायथनमध्ये फ्रीझगन वगैरे आहे. मग रात्री १२:१०, पहाटे ५:२९, ३१ जानेवारी अधिक एक महिना, ३१ मार्चची रात्र, २९ फेब्रुवारी, असल्या वेळा मुद्दाम लावून टेस्ट लिहिता येतात, त्या वेळा यायची वाट बघावी लागत नाही. क्लायंट अमेरिकन आहे म्हणताय तर अजून एक: तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं, आपल्याकडे असलं काही नसल्यामुळे आपल्या डोक्यात ते येतच नाही, आणि 'उद्या म्हणजे अधिक २४ तास' असं लिहिलेलं कोड त्या दोन दिवशी पडतं.

जाता जाता, तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जी पाचवी टेस्ट लिहिली होती (जागेअभावी छापली नाही), ज्यात तारीख सीआयवर '१५' अशी मराठी अंकात येते आणि जुन्या बिल्ड मशीनवर इंग्रजी अंकात, ती या आजारातली नाही. ती प्रत्येक वेळी त्याच मशीनवर तशीच पडते, म्हणजे ती बेभरवशाची नाहीच, दोन मशीन वेगळी आहेत एवढंच. मराठी लोकेलमध्ये (भाषा-प्रदेशाचं सेटिंग) अंक डिफॉल्टनेच देवनागरी येतात, पण नोड (जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणारा प्रोग्रॅम) १३ च्या आधीच्या नेहमीच्या बिल्डमध्ये भाषांचा पूर्ण डेटा नसायचा, त्यामुळे ते गुपचूप अमेरिकन इंग्रजीवर जायचं. जुन्या मशीनवर नोडचं व्हर्जन बघा. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण 'माझ्याकडे चालतं, तिकडे नाही' आणि 'कधी चालतं, कधी नाही' या दोन तक्रारींचा तपास पूर्ण वेगळ्या दिशेने जातो. पहिल्यात दोन मशीनमधला फरक शोधायचा, दुसऱ्यात एकाच मशीनवरच्या दोन रनमधला.

प्रश्न : आमचं ॲप जँगो (पायथनमधली वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) वर आहे. एक टेस्ट एकटी चालवली की पास, सगळ्यांसोबत फेल. दुसरी एक आहे तिचं उलटं, सगळ्यांसोबत पास आणि एकटी फेल! डोकं चालेनासं झालंय. — एक वाचक, पंचवटी

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार आहे हा (आपलं सोमेश्वर इथेच गंगापूर रोडला आहे, पण आग तिथे नाही). जी टेस्ट फेल होतेय तिच्यात बहुतेक काही बिघडलेलं नाही. तिच्या आधी चाललेल्या कुठल्यातरी टेस्टने मागे घाण ठेवलीय: एखादं सेटिंग बदलून परत नाही केलं, कॅशे साफ नाही केला, मॉड्यूलमधली ग्लोबल डिक्शनरी भरून ठेवली. उलट्या केसमध्ये आधीची टेस्ट नकळत हिच्यासाठी तयारी करून ठेवते, आणि ती नसली की ही उघडी पडते.

गुन्हेगार शोधायची पद्धत कंटाळवाणी पण हमखास आहे. फेल झालेल्या रनमध्ये टेस्ट नेमक्या कुठल्या क्रमाने चालल्या ती यादी लॉगमधून घ्या. फेल होणारीच्या आधीच्या टेस्टचे दोन भाग करा, पहिला अर्धा आणि ही, चालवा. पास झाली तर दुसरा अर्धा आणि ही. ज्या अर्ध्यात पडते त्याचे परत दोन. हजार टेस्ट असल्या तरी दहा-बारा फेऱ्यांत एका नावावर येता. पायटेस्ट (पायथनच्या टेस्ट चालवणारं टूल) वापरत असाल तर पायटेस्ट-रँडमली लावा, ते दर वेळी क्रम पिसून चालवतं आणि वापरलेला सीड (ज्यावरून क्रम ठरतो तो आकडा) लॉगमध्ये छापतं, तोच सीड परत दिला की तोच क्रम परत मिळतो. लावल्या लावल्या पहिले दोन दिवस सगळं लाल होईल, घाबरू नका, ते सगळं आधीपासूनच होतं. गो भाषेत असलं शफल (क्रम पिसणं) १.१७ पासून, म्हणजे २०२१ पासून, सोबतच येतं.

पोस्टग्रेसवाल्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगतो. ऑर्डर बाय (क्रम लावायची सूचना) न लावता आलेल्या ओळींचा क्रम काय असेल याची पोस्टग्रेस काहीच हमी देत नाही, छोट्या टेबलवर तो वर्षानुवर्षं बरोबर येतो आणि एखादा अपडेट झाला की बदलतो. दुसरी, ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं (केलेले बदल मागे घेतले) तरी सीक्वेन्स (आयडीचे आकडे देणारा काउंटर) मागे येत नाही. जँगोची साधी टेस्टकेस प्रत्येक टेस्टनंतर रोलबॅक करते, डेटा जातो, पण आयडीचा आकडा पुढेच राहतो. त्यामुळे 'नवीन ऑर्डरचा आयडी १ आहे' असं तपासणारी टेस्ट एकटी पास होणार आणि घोळक्यात पडणार. तुमची पहिली टेस्ट हीच असायची शक्यता मला बरीच वाटते. आयडी तपासायचाच कशाला?

आणि पायथनमध्ये स्ट्रिंगचा सेट फिरवून त्याची यादी तपासत असाल तर ३.३ पासून स्ट्रिंगचं हॅश (सेटमधली जागा ठरवणारा आकडा) प्रत्येक रनला वेगळं असतं, म्हणजे क्रमही. सॉर्ट करून तपासा.

प्रश्न : मी अंबडमधल्या एका कंपनीत आयटी मॅनेजर आहे. आम्ही सगळीकडे तीन रिट्राय लावले आणि प्रश्न मिटला. आता डेव्हलपर म्हणतात की दर स्प्रिंटमध्ये (कामाच्या छोट्या टप्प्यात) या टेस्टसाठी वेळ द्या. मिटलेल्या प्रश्नासाठी वेळ कशाला द्यायचा? — एक वाचक

साहेब, मिटला नाही, दिसेनासा झाला. समजा उद्या कोणीतरी असा बग घातला की दर दहा वेळा पैकी तीन वेळा पेमेंट अडकतं. एवढा मोठा बग, पण टेस्टला एकूण चार प्रयत्न मिळणार आणि बिल्ड लाल व्हायला चारही पडावे लागतील. ०.३ चार वेळा गुणा, ०.००८ येतं. म्हणजे शंभरातले ९९ बिल्ड हिरवे आणि गिऱ्हाईकांचे शंभरातले ३० पेमेंट अडकलेले.

उलट बाजूही सांगतो, रिट्राय काढून टाका असं डेव्हलपर म्हणत असतील तर तेही लगेच जमणार नाही. २०० टेस्ट असतील आणि प्रत्येक फक्त हजारात पाच वेळा उगाच पडत असेल, तर रिट्राय नसताना शंभरातले ६३ बिल्ड लाल होतील. कोणी काम करू शकणार नाही. गुगलसारख्या ठिकाणीही हे आहे, त्यांनी २०१६ मध्ये लिहिलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार हा उगाच पडायचा गुण आहे, आणि पासवरून फेलवर गेलेल्या टेस्टपैकी ८४ टक्के प्रकरणांत असली बेभरवशाची टेस्टच गुंतलेली असते. आता विचार करा, दहातले आठ लाल दिवे खोटे असतील तर उरलेल्या दोघांकडे कोण बघणार.

म्हणून रिट्राय राहू दे, पण एकच, आणि मोजलेला. दुसऱ्या प्रयत्नात पास झालेली टेस्ट हिरव्यात मिसळायची नाही, वेगळी दाखवायची. प्लेराइटचा रिपोर्ट अशांना वेगळ्या गटातच टाकतो, बाकीच्या टूलमध्ये थोडं स्क्रिप्ट लिहावं लागेल. सगळ्यात वाईट चार-पाच टेस्ट बाजूला काढा, त्या चालत राहू देत पण मर्ज (नवा बदल मुख्य कोडमध्ये घेणं) अडवणार नाहीत, आणि प्रत्येकीवर एका माणसाचं नाव आणि एक तारीख लिहा. तारीख उलटली की दुरुस्त नाहीतर डिलीट. नाव-तारीख न लिहिता बाजूला काढलेल्या टेस्ट तिथेच सडतात, हे मी खात्रीने सांगतो. आणि वेळ कशाला द्यायचा विचारताय तर वर गंगापूर रोडच्या ताईंना सांगितलेल्या त्याच २०१४ च्या अभ्यासात, अशा टेस्ट दुरुस्त करताना २४ टक्के वेळा टेस्ट नाही, मूळ कोड बदलावं लागलं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांत खराखुरा बग होता. तो तुमच्या गिऱ्हाइकाला सापडण्याआधी तुम्हाला सापडलेला स्वस्त पडतो.

डॉकर इमेज खेचणं, पॅकेज डाउनलोड करणं, असल्या बाहेरच्या नेटवर्कच्या स्टेपवर मात्र बिनधास्त तीन रिट्राय लावा. तिथे तुमचं कोड तपासलंच जात नाहीये.

प्रश्न : आम्ही पैसे वाचवायला ऑफिसातल्याच एका जुन्या डेस्कटॉपवर सेल्फ-होस्टेड रनर बसवलाय. सोमवारी चांगला असतो, गुरुवार-शुक्रवारपर्यंत टेस्ट कुठेही पडायला लागतात. रीस्टार्ट केला की परत ठीक. — एक वाचक, सातपूर

तुम्ही स्वतःच उत्तर लिहिलंय की. गिटहबचा रनर दर जॉबला कोरा मिळतो, तुमच्याकडे आठवड्याभराचं सगळं साचत राहतं. अर्धवट मेलेले क्रोम, बंद न झालेले कंटेनर, आणि मध्येच जॉब रद्द झाला असेल तर सकाळचा टेस्ट सर्व्हर अजून ३००० नंबरचं पोर्ट धरून बसलेला. पोर्ट टेस्टमध्ये फिक्स लिहू नका, ० द्या, ऑपरेटिंग सिस्टिम मोकळं असेल ते देते. प्रत्येक जॉब ताज्या कंटेनरमध्ये चालवा आणि संपला की कंटेनर काढून टाका, जॉब फेल झाला तरी साफसफाईची स्टेप चाललीच पाहिजे अशी लावा, बरेच जण ती फक्त पास झाल्यावर चालेल अशी लावून ठेवतात. एकाच मशीनवर दोन रनर बसवले असतील तर दोघांचे डेटाबेस वेगळ्या नावाचे हवेत. आणि हे सगळं करायच्या आधी येत्या गुरुवारी, रीस्टार्ट न करता, डिस्क किती भरलीय आणि मेमरी कोण खातंय ते बघून आम्हाला कळवा.